हातात तीन राण्या

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा एकवीस वर्षांची होते. वडील बाळापूरजवळच्या खेड्यात दुसऱ्याच्या वावरात राबत. छप्पन्न साली घरादाराने दीक्षा घेतली, आणि त्यानंतर वडिलांनी एकच गोष्ट धरून ठेवली, पोरगी नोकरीला लागली पाहिजे. ती मी लागले. पांढरी साडी, पांढरी टोपी, दवाखान्याच्या आवारातच राहायला दोन खोल्या आणि एक पडवी. त्या दोन खोल्यांत आम्ही तिघी राहत होतो.

तिघींत मोठ्या सिस्टर. त्यांना आम्ही नुसतं 'सिस्टर' म्हणायचो. पन्नाशीच्या, ख्रिस्ती, मूळच्या अमरावतीच्या. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीकडे लष्करी इस्पितळात त्यांनी तीन वर्षं काढली होती. तिथून त्या दोन गोष्टी घेऊन आल्या. एक, जखमी माणूस दारातून आत आला की त्याच्याकडे एकदा बघून हा जगेल की जाईल हे सांगायची सवय. दुसरी, पत्त्यांचा एक खेळ.

तो खेळ तिथल्या गोऱ्या सोल्जरांचा होता, पण सिस्टरनी त्यात आपले नियम घुसवले होते. प्रत्येकीला चार पानं वाटायची. मग चटईवर तीन पानं उघडी टाकायची, मग एक, मग आणखी एक. ही पाच सगळ्यांची. शेवटी हातातली दोन आणि चटईवरची तीन घेऊन जिची पाच पानं सगळ्यात भारी जुळतील तिचा डाव. जोडीहून तीन सारखी भारी, त्याहून ओळीतली पाच, त्याहून एका रंगाची पाच. हातातली दोन म्हणजे दोनच, एक नाही की तीन नाहीत. प्रत्येक पान उघडायच्या आधी आणि शेवटच्या पानानंतर चिंचोके लावायचे, पण मधल्या ढिगात जितके असतील त्याहून एकही जास्त लावायचा नाही. सुरुवातीला ढीग चिमूटभर असायचा. दोघी हट्टाला पेटल्या की बघता बघता ओंजळभर व्हायचा.

पैसा नव्हता त्यात. पैसा असता तर मी खेळले नसते. लावायची होती ती ड्यूटी.

दवाखान्याच्या मागे, कडुनिंबांच्या पलीकडे, टी.बी. वॉर्ड होता. सोळा खाटा बायकांच्या, चोवीस पुरुषांच्या. तिथली ड्यूटी महिन्याची असे आणि ती कोणालाच नको होती. आम्ही शिकलेल्या होतो, जंतू कसा पसरतो ते आम्हाला पाठ होतं, आणि म्हणूनच भीती जास्त होती. ड्यूटीची यादी सिस्टर करायच्या आणि मेट्रन न वाचता सही करायच्या. मी येण्याआधी त्या वॉर्डावरून आमच्या खोल्यांत भांडणं, रडारड, मेट्रनकडे चुगल्या असं सगळं होऊन गेलं होतं. मग सिस्टरनी एक दिवस चटई अंथरली. महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येकीला पन्नास चिंचोके मिळत. दुपारची दोन ते चारची वेळ मोकळी असली की खेळायचं. महिनाअखेरीला जिच्याकडे सगळ्यात कमी, पुढचा महिना ती टी.बी. वॉर्डात.

"नशिबानं नाई, अकलेनं ठरू दे," सिस्टर म्हणाल्या. आम्हाला ते न्यायाचंच वाटलं.

पहिल्या महिन्यात मी हरले आणि गेले तिथे. परत आले ती शिकायचंच ठरवून. सिस्टरना माझ्यात काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी मला मनापासून शिकवलं. त्यांच्या मते खेळ चटईवर सुरू होतच नसे. चार पानं हातात आली की त्या पहिल्या मिनिटात तो संपलेला असे. खेळायचं की टाकायचं एवढंच ठरवायचं, बाकी सगळी हमाली.

"पानं एकेक नको पाहू," त्या म्हणायच्या. "त्यांचं एकमेकांत जमते काय ते पाय. चार मोठी पानं अन् चौघांची तोंडं चार दिशेला, तर ते घर नाई, धरमशाळा हाये."

त्या हात उघडून दाखवत. दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती, त्यातली दोन बदामाची, दोन इस्पिकची. दिसायला हा हात मजुरासारखा, पण चटईवर काहीही पडलं तरी कुठून तरी कामाला येणार. उलट दोन एक्के आणि सोबत कुठलीतरी तिर्री, कुठलीतरी नव्वी. एक्के बघून मन सुखावतं, पण त्यांच्या हाताखाली काम करणारं कोणी नाही. एकाच रंगाची चारही पानं आली तर अडाणी माणूस हरखतो. पण हातातली दोनच वापरायची, म्हणजे आपल्याच रंगाची दोन पानं आपणच फुकट अडवून बसलो. ती चटईवर यायची होती, आता येणार नाहीत. आणि सगळ्यात फसवा हात म्हणजे तीन सारख्या पानांचा. तीन राण्या. एक तर वापरताच येत नाही, आणि जिची वाट बघायची ती राणी साऱ्या डावात एकच उरली.

"तीन राण्या आल्या की तोंड पाडू नको, अन् हसू तर बिलकुल नको," सिस्टर म्हणाल्या. "गुमान टाकून दे."

चार महिन्यांत मी दहातले सात हात न बोलता टाकायला शिकले. त्यानंतर टी.बी. वॉर्डाची ड्यूटी मला फारशी आलीच नाही. ती जायची नागपूरकडच्या एका नर्सला, जी खेळताना लग्नाचं स्वेटर विणत बसायची. मग नागपूरची लग्न करून गेली, आणि तिच्या जागी ती आली.

ती अंजनगाव सुर्जीची. घरचा पानमळा आणि थोडा भाजीपाला. सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी परत पाठवली, भावाच्या घरी भावजयीला ती खुपायला लागली, मग कोणीतरी सुचवलं म्हणून भावाने तिला नर्सिंगला घातली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. उंच, सावळी, बोलायला भरभर. आल्या दिवशी तिने ट्रंक ठेवली, माझ्या खाटेजवळच्या माठाकडे बघितलं आणि विचारलं, "हा कोणाचा?"

"माझा," मी म्हणाले.

तिने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. दुपारी बाजारात जाऊन नवा माठ घेऊन आली आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात विटांवर ठेवला. त्यावर स्वतःच्या हाताने झाकण ठेवलं, झाकणावर पेला उपडा घातला. एवढंच. पुढे दोनेक महिन्यांत तिने तो नियम स्वतःच सोडून दिला. माझ्या ताटातली चटणी घ्यायची, माझ्या पेल्याने पाणी प्यायची, मला ताई म्हणायची. माठाचं तिच्या लक्षातही राहिलं नाही. माझ्या राहिलं.

तिला हात टाकता यायचा नाही. चार पानं उचलली की तिच्या डोळ्यांत काहीतरी पेटायचं. "राजा हाये, कसा टाकू?" "दोन चौकट हायेत, अजून तीन येतीन ना." तिला प्रत्येक हातात काहीतरी होऊ घातलेलं दिसायचं. पहिल्या महिन्यात हरली, टी.बी. वॉर्डात गेली. दुसऱ्या महिन्यातही हरली.

मी सिस्टरना विचारलं, "तिला शिकवत का नाही?"

सिस्टर उन्हात बसून पायाला तेल लावत होत्या. "शिकवलं तर मंग हरंल कोण?" त्या म्हणाल्या. "तू जाशीन?"

मी टोपी चढवून ड्यूटीवर गेले.

त्यानंतर आठवड्याभराने ती स्वतःच माझ्याकडे आली. सिस्टर ड्यूटीवर होत्या. केस धुऊन ती पडवीत वाळवत बसली होती, हातात पत्त्यांचा जोड. "ताई, तुमी कधीच हरत नाई. मले सांगा ना, कोणता हात खेळायचा अन् कोणता नाई."

मी तो जोड हातात घेतला. मला आठवतं, मी आधी खरं सांगणार होते. पहिली दोन वाक्यं तर खरीच सांगितली, बारकी जोडी टाकून द्यायची वगैरे. मग तिने पाणी प्यायला माझा पेला उचलला. अगदी सहज उचलला, आणि त्या सहजपणाचाच मला संताप आला. तिला हवं तेव्हा माझा पेला विटाळ होता, हवं तेव्हा तो पेला झाला. मला कोणी विचारलं होतं?

"एका रंगाची चार पानं आली तर सोडू नको," मी म्हणाले. "असा हात महिन्यातून एकदा येतो."

"अन् जोड्या?"

"जोडी ठीक. पण तीन सारखी आली तर त्याच्यावर हात नाही. तीन राजे, तीन राण्या. डोळे झाकून सगळं लावायचं."

तिने ते दोनदा घोकलं. वहीत लिहून घेतलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. उठताना माझ्या खांद्यावर ओला हात ठेवून म्हणाली, "तुमी होत्या म्हणून. नाईतर इथं कोण कोणाले सांगते."

मला त्या रात्री झोप लागली नाही असं लिहायला बरं वाटलं असतं. मला चांगली झोप लागली.

तो हात त्याच महिन्यात आला. शेवटचे चार-पाच दिवस राहिले होते. तिघींचे चिंचोके बऱ्यापैकी सारखे होते, म्हणजे त्या महिन्यात ती वाचूही शकली असती. मे महिन्यातली दुपार, पडवीच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून आम्ही बसलो होतो. सिस्टरनी पानं वाटली. मी माझी चार उचलली, बदामाची दश्शी आणि नव्वी, इस्पिकची अठ्ठी आणि सत्ती. मी तिच्याकडे बघितलं. तिने पानं छातीशी धरली होती आणि ओठ दाताखाली दाबला होता, हसू आवरायला.

सिस्टरनी स्वतःचा हात टाकून दिला आणि भिंतीला टेकल्या.

चटईवर तीन पानं उघडली, गुलाम, अठ्ठी, दुर्री. तिने ढिगात होते तेवढे सगळे चिंचोके लावले. मी तेवढेच टाकले. चौथं पान सत्ती निघालं. मला आता काहीच लागत नव्हतं. माझ्या दश्शी-नव्वीला वरचे गुलाम, अठ्ठी आणि सत्ती लागून पाच पानांची शिडी पुरी झाली होती. तिने पुन्हा ढिगाएवढे लावले. मी पुन्हा टाकले.

"पोरी, थांब जराशी," सिस्टर तिला म्हणाल्या. खेळताना त्या कधी कोणाला असं म्हणत नसत.

"नाई सिस्टर, माह्यापाशी हात हाये," ती म्हणाली.

पाचवं पान तिर्री. तिच्यासमोर जे उरलं होतं ते सगळं तिने दोन्ही हातांनी पुढे सरकवलं. मी तेवढेच टाकले, तिने पानं उघडली. तीन राण्या आणि चौकटची चव्वी.

मी माझी पानं मांडली. ती बघत राहिली, मग बोटाने मोजायला लागली. नियम पाठ असूनही तीन राण्या कुठे गेल्या हे तिला कळेना. दोनच वापरायच्या, म्हणजे साधी जोडी, हे तिला सिस्टरनी समजावून सांगितलं, आणि मग विचारलं, "तीन राण्यांवर एवढं लावायचं, हे तुले कोणं शिकवलं?"

"ताईनं," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात अजिबात नाही. माझी बाजू घेतल्यासारखी पुढे म्हणाली, "त्यायनं बरोबरच सांगतलं असंल. मलेच खेळता आलं नाई."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. वॉर्डात नवा पेशंट आला की बघायच्या तसंच, वरपासून खालपर्यंत एकदाच. मग हसल्या. "तू तर माह्याहून पुढं जाशीन वं," म्हणाल्या, आणि पत्ते गोळा केले.

ती सलग तिसऱ्या महिन्यात टी.बी. वॉर्डात गेली. मग चौथ्या. पुढे पुढे तिला त्या वॉर्डाचं वाईट वाटेनासं झालं. तिथल्या बायका तिची वाट बघत. ती त्यांची वेणीफणी करायची, पत्रं वाचून दाखवायची, एका म्हातारीला तर मांडीवर घेऊन भरवायची. तोंडावरची मलमलीची पट्टी ती भरवताना खाली ओढायची, कारण पट्टी बांधलेल्या माणसाच्या हातून ती म्हातारी खात नसे. हे मला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं. मी तिला रागावले नाही.

पावसाळा संपता संपता तिला खोकला लागला. संध्याकाळी तिचे गाल लाल दिसायचे. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला तेव्हा तिने हाताने टाके घालून तो आत घेतला. आम्ही एका खोलीत झोपत होतो, तिच्या पाठीचा घाम उशीला लागलेला मला सकाळी दिसायचा. खोकला कसला, ताप कसला, हे मला पहिल्या पंधरा दिवसांत कळलं होतं. मी नर्स होते. आणि माणसाकडे बघून ओळखायचं मला सिस्टरनीच शिकवलं होतं.

मी बोलले नाही. बोलले असते तर तिला तपासणीला नेलं असतं, तिची ड्यूटी थांबली असती, आणि आम्ही दोघीच उरलो असतो, सिस्टर आणि मी. सिस्टर हरत नसत. हा हिशोब मी खाटेवर पडून, डोळे उघडे ठेवून, स्पष्ट शब्दांत केला होता. फक्त एक काम केलं. माझी खाट ओढून खिडकीखाली नेली, तिच्यापासून जितकी लांब जाईल तितकी. कारण विचारलं तर उकाडा सांगणार होते. तिने विचारलंच नाही. उलट खाट ओढायला मला हात लावला.

दीड महिना असा गेला. मग एका सकाळी वॉर्डात चादरी बदलताना ती खाली बसली आणि हातातली चादर तिने तोंडाशी धरली. चादर लाल झाली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना डाग होते. ज्या वॉर्डात ती ड्यूटी करत होती तिथलीच नऊ नंबरची खाट त्याच दिवशी तिला दिली.

कळवल्यावर तिचा भाऊ आला. अंजनगावहून येताना त्याने ओल्या फडक्यात बांधून विड्याच्या पानांची एक चळत आणली होती. वॉर्डाच्या पायरीशी तो थांबला, आत आला नाही. मला म्हणाला, "बाई, घरी तीन लेकरं हायेत. हिले घरी नाई नेता येत. तुमीच पाहा आता." पानं माझ्या हातात दिली. मी म्हणाले, एकदा दारातून तरी दिसा तिला. तो म्हणाला, "रडंल ते," आणि स्टेशनच्या वाटेला लागला. तिला खिडकीतून तो जाताना दिसला होता. मी पानं तिच्या उशाशी ठेवली. ती तिने बाजूच्या बायकांना वाटून टाकली.

पुढची ड्यूटी माझी. सिस्टरनी पत्ते काढलेच नाहीत, यादीत सरळ माझं नाव लिहिलं. "आता खेळ कशाले?" म्हणाल्या. "दोघींत काय मजा येते?" महिन्यामागून महिना त्या माझंच नाव लिहीत गेल्या. मी एकदा विचारलं की असं का, तर म्हणाल्या, "तू सांगतलं असतंस तर तिले दीड महिना आधी दवा भेटली असती. मले दिसत होतं, अन् तुलेही दिसत होतं."

"तुम्हाला दिसत होतं तर तुम्ही का नाही बोललात?"

"मी चांगली बाई हाये असं मी कधी म्हटलं?" त्या म्हणाल्या.

रोज सकाळी मी तिला इंजेक्शन द्यायची आणि कडू पुड्या पाण्याबरोबर गिळायला लावायची. ती माझ्याशी पहिल्यासारखीच बोलायची, ताई म्हणायची. पडून पडून कंटाळते म्हणून तिने पत्त्यांचा जोड मागितला. मी नेऊन दिला. ती दिवसभर चादरीवर चार-चार पानं वाटत बसायची, पाच उघडायची, पुन्हा गोळा करायची. वहीत रेघा मारायची. मला वाटलं, वेळ घालवते आहे.

महिनाभराने एका सकाळी मी सुई भरत असताना ती म्हणाली, "ताई, मी पन्नास डाव तीन सारख्याचे काढून पाह्यले. सात वेळा जिंकले."

मी सुईतली हवा काढली.

"एका रंगाच्या चार पानांचेही पाह्यले. ते त्याच्याहून बेकार. तुमी तर हुशार हा. तुमाले हे माहीत नसंल असं होत नाई."

"माहीत होतं," मी म्हणाले.

तिचा राग मला चालला असता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती कोडं सोडवत होती. "काहून पण?" तिने विचारलं. "मी काय केल्तं तुमचं?"

मी तिला माठाचं सांगितलं. पहिला दिवस, आडनाव, विटांवरचा नवा माठ, उपडा पेला. ती आठवायचा प्रयत्न करत होती. कपाळाला आठ्या घालून तिने खरोखर शोधलं, आणि तिला सापडलं नाही.

"मले काई याद नाई येत," ती म्हणाली. "केलं असंल. घरी तसंच शिकवलं होतं. तुमी तवाच बोलल्या असत्या तर मी फोडला असता तो माठ."

मी म्हणाले, "आम्हाला कधी बोलायची सवय नव्हती."

"खोटं बोलायची होती," ती म्हणाली, आणि दंड पुढे केला.

मी इंजेक्शन दिलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. दंड पुढे करायची, पुडी गिळायची, रिकामा पेला परत द्यायची. पाच महिने. इतर बायकांशी हसायची, मी खाटेजवळ आले की हसणं थांबायचं. वॉर्डातल्या बायका मला विचारायच्या, सिस्टर, तुमचं भांडण झालं का? मी नाही म्हणायची. भांडणाला दोन माणसं लागतात.

ती बरी झाली. औषधांच्या जोरावर बऱ्या होणाऱ्यांतली ती एक. पण नर्सचं काम तिला पुन्हा देता येणार नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं. भावाला दोन पत्रं गेली, उत्तर आलं नाही. त्या वॉर्डाच्या पुरुषांच्या बाजूला परतवाड्याचा एक शिंपी होता, तोही तेव्हाच बरा होऊन निघाला. त्यालाही घरच्यांनी जागा ठेवली नव्हती. दोघं एकाच दिवशी, एकाच बसने गेली. ट्रंक न्यायला ती आमच्या खोलीत आली तेव्हा मी ड्यूटीवर होते. ती माझी वेळ बघूनच आली होती.

मी आणखी दोन वर्षं टी.बी. वॉर्डात काढली. मला काही झालं नाही. दर सहा महिन्यांनी फोटो काढला, दर वेळी छाती स्वच्छ. मग माझी बदली अमरावतीला झाली. सिस्टर निवृत्त होऊन आधीच तिथे आल्या होत्या, कॅम्पाकडे एका खोलीत राहायच्या. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला दारातूनच वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तू जगशीन. लय वर्षं जगशीन." मला ते आशीर्वादासारखं वाटलं नाही. त्यानंतर मी गेले नाही. त्या वारल्याचं मला दवाखान्यातच कळलं.

सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास देवीच्या लसी टोचायला आमची टोळी परतवाड्याला गेली. बाजाराच्या बोळात शिंप्याचं एक दुकान दिसलं, एक मशीन बाहेर, एक आत. आतल्या मशीनवर ती होती. अंगाने भरली होती. पायाशी एक पोर चिंध्यांशी खेळत होतं. मी थांबले. तिने मान वर केली, मला ओळखलं, आणि मशीन थांबवली.

"या," ती म्हणाली. नवऱ्याला म्हणाली, "ह्या अकोल्याच्या सिस्टर." त्याने हात जोडले. त्यालाही मी इंजेक्शनं दिली होती, तो कौतुकाने बोलायला लागला, माझा हात किती हलका होता ते सांगायला लागला. तिने त्याला चहा सांगायला पाठवलं.

आम्ही दोघीच राहिलो. मी पाच वर्षं जे मनात जुळवत आले होते ते बोलायला लागले. की मी तेव्हा वाईट वागले. की माझ्या मनात जे होतं ते तुझ्या एकटीबद्दल नव्हतं, साऱ्या गावाबद्दल होतं, आणि तू एकटी हाताशी सापडलीस. की मला माफ कर.

ती ऐकत होती. हातातल्या कापडाची घडी घालत होती.

"माफ केलं तर तुमाले बरं वाटंल," ती म्हणाली. "मले काय भेटंल?"

मी लसीची पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"मले अजून जिना चढता येत नाई," ती म्हणाली. "हे पोरगं मी तोंडाशी धरत नाई. डाक्टर म्हणते धर, काई होत नाई. माहा धीर होत नाई. चार वर्षांचं झालं, मी त्याचा मुका घेतला नाई." तिने घडी मशीनवर ठेवली. "तुमी हे घरी घेऊन जा. मी माफ नाई करत."

चहा आला. मी तो प्याले, कारण तिचा नवरा समोर उभा होता. पोराला मी लस टोचली. ते रडलं तेव्हा ती उठली, त्याला पाठीमागून धरलं, तोंड दुसरीकडे वळवलं आणि नुसती त्याच्या डोक्यावर थोपटत राहिली.

बाहेर टोळीतल्या बाकीच्या नर्सेस जीपपाशी उभ्या होत्या. एकीने विचारलं, कोण होती गं? मी म्हणाले, अकोल्याला बरोबर होती. आम्हाला संध्याकाळच्या आत आणखी दोन वस्त्या करायच्या होत्या. मी पेटी उघडली, सुया मोजल्या आणि पुढे बसले.